मदत हवी आहे: नम्रतेचाच गर्व होतो, काय करावं?

सर्वांना जय ख्रिस्त. बायबलमधल्या लूक 18 च्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्यायचा. त्यात वावगं काहीच नव्हतं. घसरला तो लोक पापी समजत त्या जकातदाराकडे बघून, "देवा, मी याच्यासारखा नाही" म्हणाला तिथे. परवा हा दाखला वाचताना माझ्या मनात आलं, "बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही." आणि चपापलोच! प्रार्थनासभेला न येणाऱ्यांची मनात यादी करणाराही मीच. कुसळ-मुसळ पाठ आहे, उपयोग शून्य. हल्ली तर पापकबुलीही जरा ऐटीतच होते.

चुकणाऱ्या भावाला सौम्यतेनं ताळ्यावर आणा, असं बायबलमधलं गलतीकरांस पत्र (6:1) सांगतं. म्हणजे गप्पही बसता येत नाही. मग बोलताना न्यायाधीश होणं तुम्ही कसं टाळता? वचनं माहीत आहेत, स्वतःचा अनुभव सांगा.