बाहेरचे आले म्हणून गाव बिघडलं?

लंडनहून लहान गावांत राहायला आलेल्यांनी घरांचे भाव चढवले आणि गावाचा गावपणा घालवला, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं फ्रूम घ्या (लिहिताना 'फ्रोम', पण तसं म्हणालात की तुम्ही बाहेरचे!). लोकरी कापडावर वाढलेलं गाव. धंदा बसला, पैसा आटला, म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणी फारसं आलंच नाही. तरी विणकरांची सतराव्या शतकातली ट्रिनिटी वस्ती १९६०च्या दशकात अर्धी पाडलीच. उरलेली मागाहून वाचवली. आता तीच घरं 'कॅरॅक्टर प्रॉपर्टी', म्हणजे जुनेपणामुळेच भाव खाणारी!

चीप स्ट्रीटच्या मधोमध हातभर रुंदीचा पाट वाहतो. आम्ही गेलो तेव्हा पोरं त्यात काड्या सोडून शर्यत लावत होती आणि शेजारी एक जोडपं घरांच्या एजंटच्या काचेतले भाव वाचत उभं होतं. जवळचं बाथ शहर परवडत नाही, तर पुढचं स्टेशन बघायचं, असा सगळा मामला.

बरं, नवे लोक नुसते राहायला येतात असंही नाही. २०१५ साली नगर परिषदेच्या सतराच्या सतरा जागा अपक्षांच्या गटाने जिंकल्या; महिन्याच्या पहिल्या रविवारच्या बाजाराला तर मुंगीला वाट नसते. पण त्या बाजारातली पावाच्या लादीचा भाव बघून माझी बायको म्हणाली, "एवढ्यात आठवड्याचा भाजीपाला येईल." गावातच जन्मलेल्या, दुकानात पगारावर राबणाऱ्या पोरीने घर घ्यायचं कुठे? माझा राग घर घेणाऱ्यांवर नाही. १९८० पासून कौन्सिलची (स्थानिक सरकारच्या मालकीची) भाड्याची घरं भाडेकरूंना विकली आणि तेवढी पुन्हा बांधली नाहीत, त्यावर आहे.