कोडिंग क्लबात जाऊ काय? (खानापूरहून ये-जा)

खानापूर_तिसरं_सेम
नमस्कार मंडळी. बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कॉलेजात कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंगचा (ठरलेल्या वेळात कोड लिहून प्रॉब्लेम सोडवायच्या स्पर्धांचा) क्लब आहे, पुढच्या आठवड्यात त्यांची टेस्ट. पायथॉन बऱ्यापैकी येतं, सी प्लस प्लस जेमतेम. क्लब संध्याकाळी साडेपाचला आणि माझा जीव बसमध्ये. शिवाय तिथं सगळे कन्नड-इंग्लिश बोलतात, माझं कन्नड स्वल्प स्वल्प. जाऊ, का घरीच बसून प्रॉब्लेम सोडवू?

अनगोळ_नाका
जा की रे! टेस्टमध्ये नाही झालं तर कोण फासावर देत नाही.
कॉन्टेस्ट घरूनच देता येते. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटचे राउंड बहुतेक रात्री ८.०५ ला असतात, तोवर तू जेवूनसुद्धा होशील. क्लब लागतो तो दुसऱ्या दिवशी, न सुटलेला प्रॉब्लेम फळ्यावर घेऊन बसायला. मी वर्षभर एकटाच करायचो. उत्तर बघायचं, मान डोलवायची, विसरायचं.
सीएसईएस या सरावाच्या साइटवरचा पहिलाच प्रॉब्लेम घे. संख्या सम असली तर निम्मी कर, विषम असली तर तिप्पट करून एक मिळव, १ येईपर्यंत. पोरखेळ वाटतो. मला दोन दिवस ‘राँग’. शेवटी क्लबातल्या गोकाकच्या पोरानं मागून डोकावून १,१३,३८३ घालायला लावलं. स्क्रीनवर उणे आकडा! सी प्लस प्लसच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या साध्या प्रकारात, २१४ कोटींपर्यंतच मावतं आणि ही संख्या मधेच २४८ कोटींवर जाते. तो एवढंच म्हणाला, “लाँग लाँग हाकप्पा.” म्हणजे मोठ्या आकड्यांचा प्रकार घाल बाबा. तेवढं कन्नड तुलाही कळेल.
(पायथॉनमध्ये ही भानगड नाही, पण मोठ्या लूपला तो धापा टाकतो. सी प्लस प्लस शिकून घे.)

माहेर_निपाणी
जाण्याआधी सीनियरना एक विचार: तिघांना एका कॉम्प्युटरवर बसवता काय? आयसीपीसी या कॉलेजांच्या कोडिंग स्पर्धेत तसंच असतं, तिघं, मशीन एक, पाच तास. सुटलेल्या प्रॉब्लेमवर आधी चुकलेल्या प्रत्येक सबमिशनला २० मिनिटांचा दंड. एकजण टाइप करत असताना बाकी दोघांनी कागदावर डोकं चालवायचं, हे घरी एकट्याला कसं जमणार? आमच्या वेळच्या क्लबात नुसते बॅनर आणि ग्रुप फोटो. मी महिन्यात सोडला.

शहापूर_पेठ
क्लबाच्या नादात क्लास बुडवू नको बाबा. व्हीटीयूची, म्हणजे युनिव्हर्सिटीची, ८५ टक्के हजेरीची अट आहे, कॉन्टेस्टचं रेटिंग दाखवून ती माफ होत नाही.

खानापूर_तिसरं_सेम
विचारलं ताई. तिघांची प्रॅक्टिस शनिवारी दुपारी असते म्हणे, म्हणजे बसचा प्रश्न मिटला. १,१३,३८३ पण घालून बघितलं दादा, खरंच उणे आलं! देसूरला बसमध्ये चढणारा एकजण तयार झालाय. तिसरा शोधतोय, आमच्याच कॉलेजचा पाहिजे. इथं कोण आहे काय?