अणुकेंद्रात आणीबाणी चालू असताना राजकीय भाष्य थांबवावे का?

धरमपेठची वाचक

नमस्कार. मी नागपुरात पत्रकारितेचे शिक्षण घेत आहे आणि मार्च २०११ मधील जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातील दुर्घटनेच्या वार्तांकनावर प्रबंध लिहीत आहे. गेले दोन आठवडे मी ग्रंथालयात बसून त्या काळातील वृत्तपत्रांच्या फायली चाळल्या. ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी झाली, १२ मार्चला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला, १४ला तिसऱ्या आणि १५ला चौथ्या इमारतीत. त्याच दिवसांत, भट्ट्या थंड झालेल्या नसताना, जर्मनीपासून आपल्या कोकणापर्यंत अणुऊर्जा हवी की नको यावर राजकीय वाद पेटला होता. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, आणीबाणी संपेपर्यंत माध्यमांनी केवळ माहिती द्यावी, राजकीय भाष्याला जागा देऊ नये, कारण त्याने घबराट वाढते. मला हे पूर्णपणे पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतका आधारही माझ्याजवळ नाही. त्या काळात वृत्तपत्रात काम केलेल्यांनी किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया आपले मत कळवावे.

रात्रपाळी

त्या मार्चमध्ये मी नागपूरच्या एका दैनिकात रात्रपाळीला मुख्य उपसंपादक होतो. आमच्या हातून वाचकांची दिशाभूल करणारी जी चूक झाली, तिचा राजकीय भाष्याशी काडीचाही संबंध नव्हता.

१५ मार्चला तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीच्या मधल्या जागेत ताशी ४०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) किरणोत्सार मोजला गेल्याची बातमी वृत्तसंस्थेकडून आली. भाषांतराच्या घाईत ‘ताशी’ हा शब्द गळला आणि ‘भट्ट्यांच्या मध्ये’ याऐवजी ‘फुकुशिमात’ असे छापले गेले. आपल्याकडे अणुकेंद्रातील कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे; म्हणजे त्या जागी उभा राहणारा माणूस वर्षभराची मात्रा तीन मिनिटांत घेणार होता. ‘ताशी’ गेल्यामुळे तिथे झुंजणाऱ्या कामगारांच्या जिवावरचा धोका झाकला गेला, आणि जागा बदलल्यामुळे कुंपणाच्या आतला आकडा साऱ्या शहराच्या माथी बसला. चूक लक्षात आली तेव्हा डाक आवृत्तीच्या गाड्या गोंदिया आणि गडचिरोलीच्या वाटेला लागल्या होत्या. शहर आवृत्तीत आम्ही दुरुस्ती केली, पण डाक आवृत्तीच्या वाचकांसाठी दुसऱ्या दिवशी खुलासा छापला नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता अधिकृत माहितीचे पाहा. २७ मार्चला केंद्र चालवणाऱ्या टेपको या कंपनीनेच दुसऱ्या भट्टीच्या इमारतीतील पाण्यात नेहमीच्या एक कोटी पट किरणोत्सार असल्याचे जाहीर केले आणि काही तासांत तो आकडा एक लाख पटीवर आणला. ‘केवळ माहिती’ देणाऱ्या प्रत्येक वृत्तपत्राने त्या दिवशी चुकीचाच आकडा दिला असता. भट्टीचा गाभा, म्हणजे आतले इंधन, वितळण्याबाबत तर त्याहून गंभीर प्रकार घडला. १२ मार्चला जपानच्या अणु-नियामक संस्थेच्या प्रवक्त्याने ती शक्यता बोलून दाखवली, आणि लवकरच त्यांच्या जागी दुसरा प्रवक्ता आला. कंपनीने गाभा वितळल्याचे मान्य केले ते मे महिन्यात. आणि ‘गाभा वितळणे’ हा शब्द वापरू नये अशी सूचना कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांनी दिली होती, हे कबूल करायला २०१६ साल उजाडले. मार्च ते मे या दोन महिन्यांत हा शब्द स्वतंत्र तज्ज्ञ आणि भाष्यकारच उच्चारत होते. आपल्या मार्गदर्शकांचा नियम लावला असता, तर वाचकाच्या हाती फक्त सौम्य केलेली भाषा उरली असती.

प्रयोगशाळा

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु भाष्यकारांना इतके सहज सोडू नये असे भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला वाटते. १५ मार्चला युरोपीय महासंघाच्या ऊर्जा आयुक्तांनी या घटनेसाठी ‘महाप्रलय’ या अर्थाचा शब्द वापरला. त्या शब्दात मोजमाप नव्हते, सल्लाही नव्हता; फुकुशिमातील कुटुंबाने घर सोडावे की दारे-खिडक्या बंद करून आत बसावे, हे त्यातून कुणालाच कळले नसते.

दुसरे उदाहरण अंतराचे आहे. जपानने २० किलोमीटरच्या परिघातील लोकांना हलवले आणि ३० किलोमीटरपर्यंतच्या लोकांना घरात राहायला सांगितले. अमेरिकेने १६ मार्चला आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जाण्याचा सल्ला दिला. या तफावतीवर ‘जपान लपवत आहे’ असा अर्थ लावून भरपूर लिहिले गेले. लपवाछपवी झाली होती हे खरेच, पण त्या दिवशीचा अमेरिकेचा अंदाज बराचसा चौथ्या इमारतीतील वापरलेल्या इंधनाचा हौद कोरडा पडला आहे या समजुतीवर उभा होता, आणि हौदात पाणी होते हे नंतर निष्पन्न झाले. दोन आकडे शेजारी छापताना प्रत्येकामागचे गृहीतकही छापायला हवे होते.

मात्र लोकांचे सर्वांत मोठे नुकसान मौनामुळे झाले, हे मी मान्य करतो. किरणोत्साराचा प्रसार वर्तवणाऱ्या ‘स्पीडी’ या संगणकीय प्रणालीचे अंदाज वेळेवर लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. नामिए गावातील कितीतरी लोक वायव्येला त्सुशिमा भागात आश्रयाला गेले, आणि किरणोत्सारी ढगही त्याच दिशेने गेला. त्या नकाशासाठी ओरडणारा एखादा राजकारणी त्या आठवड्यात मिळाला असता, तर त्याचे भाष्य मी आनंदाने पहिल्या पानावर छापले असते.

राजापूरकर

मी नागपुरात नोकरीला असलो तरी मूळचा राजापूर तालुक्यातला. आमच्याकडच्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली ती नोव्हेंबर २०१० मध्ये, आणि फ्रेंच कंपनीशी करार झाला डिसेंबरमध्ये. प्रकल्पाच्या जागेच्या, म्हणजे माडबन परिसरातील माणसाने मार्चमध्ये दूरदर्शनवर समुद्राचे पाणी अणुकेंद्रात शिरल्याचे पाहिले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर काय होईल हा प्रश्न त्याने आणीबाणी संपेपर्यंत मनात दाबून ठेवायचा होता का? १८ एप्रिलला साखरी नाटे येथे प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. फुकुशिमाच्या भट्ट्या तेव्हाही स्थिर झालेल्या नव्हत्या. तारापूरच्या अणुकेंद्रापासून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटरवर असलेल्या नागपुरात बसून ‘थांबा’ म्हणणे सोपे आहे. आमच्यासाठी निर्णयाची घडी तीच होती. जर्मनीत २७ मार्चला बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मतदान झाले. तेथील मतदारांना अणुऊर्जेवर न बोलता मत द्या असे कसे सांगता आले असते?

धरमपेठची वाचक

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. राजापूरकर दादा, मार्गदर्शकांना मी आपला प्रश्न आहे तसाच विचारणार आहे. आता प्रबंधात राजकीय भाष्य असावे की नसावे असा प्रश्न न मांडता, भाष्य करणाऱ्याने कोणता आकडा, कोणत्या ठिकाणचा आणि कोणाच्या हवाल्याने वापरला, याची तपासणी करावी असे वाटते. रात्रपाळी काका, रात्री घाईच्या वेळी अशी बातमी हाती आली, तर उपसंपादकाने सर्वांत आधी काय पाहावे?

रात्रपाळी

किरणोत्साराचा आकडा दिसला की तो ‘ताशी’ आहे की एकूण मात्रा आहे, मिलि आहे की मायक्रो, आणि मोजणारे यंत्र नेमके कुठे ठेवले होते, हे पाहावे. मिलि आणि मायक्रो यांत हजारपटीचा फरक पडतो. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या अपघाताच्या वेळी, ३० मार्च १९७९ रोजी, हेलिकॉप्टरने चिमणीच्या वर घेतलेले ताशी १२०० मिलिरेमचे (मात्रेचे जुने एकक) मोजमाप केंद्राबाहेरच्या वस्तीतले समजले गेले. त्या दिवशीच्या गोंधळात गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतील गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांना दूर जाण्याचा सल्ला दिला. ती गफलत वृत्तपत्रांची नव्हती, अधिकाऱ्यांची होती. म्हणून अधिकृत पत्रक हाती आले तरी जागा विचारणारा एक दूरध्वनी करावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मथळ्यात आकडा घालू नये. पान सोडायला दहा मिनिटे उशीर झालेला चालतो.