मदत हवी आहे: स्ट्रॅट गिटारच्या ब्रिज पिकअपचा आवाज मऊ कसा करू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. जत्रेतल्या कार्यक्रमांत गिटारवर नाट्यगीतं वाजवतो. गिटार स्ट्रॅट पद्धतीची इलेक्ट्रिक, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारे, एकेका वेटोळ्याचे). नेकच्या (मानेकडच्या) पिकअपवर मींड इतकी गोड येते की हात थांबवत नाही, पण ब्रिजचा (तारा अडकवतात त्या टोकाचा) कानाला टोचतो. शिवाय मांडवातल्या वायरिंगजवळ गेलं की ५० हर्ट्झची घरघर.

ब्रिजला सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर (घरघर मारणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवू का? हंबकरला सहसा ५०० के (किलोओहम) पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोन नॉबखालचे रोधक, लावतात, माझे २५० के आहेत. मला मऊपणाच हवाय, मग तेच ठेवले तर चालतील ना? की आधी ब्रिजला टोन नॉब जोडून बघू? मूळ वायरिंगमध्ये तो नाहीच. पिकअप तारांपासून खाली घ्यायचाही विचार आहे, पण खाऱ्या हवेनं स्क्रू गंजलेत. ते न मोडता कसे सोडवायचे?