परागवाहक की परागीभवनकारक?

गोदाकाठ: शेतकऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. मधमाशी, भुंगा, पाखरू, वटवाघूळ या फुलाफुलांवर पराग नेणाऱ्या सगळ्यांना मिळून मी 'परागवाहक' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'परागीभवनकारक' केलं. परभणी-हिंगोलीकडं हा शब्द कोण बोलणार?

लातूरची मास्तरीण: कारक नकोच, पण 'वाहक'ही तोकडा आहे. वाहक नुसतं ओझं नेतो. इथं तर ज्या फुलावर पाखरू जास्त फिरतं त्याचंच बी जास्त धरतं, आणि पुढच्या पिढ्या त्याच वळणावर जातात. पळस बघा. भडक केशरी, वास जवळपास नाही, मध मात्र भरपूर. किनवटच्या जंगलातला मोह रात्री फुलतो, फिकट आणि उग्र वासाचा, वटवाघळांसाठी.

सुमनोरज: फुलात असतो तो मकरंद, मध माशी करते. अमरकोश स्पष्ट सांगतो, 'मकरन्दः पुष्परसः परागः सुमनोरजः'. पुस्तिकेत तरी हा घोळ नको.

लातूरची मास्तरीण: लेकरं फुलातला मधच चोखतात. मकरंद चोखणारं लेकरू मी पाहिलं नाही.

बालाघाटकर: माझी हरकत 'वटवाघळांसाठी'वर आहे. फूल काही ठरवत नाही. जे जुळलं ते टिकलं. आमच्या सीताफळाचं फूल घ्या. हिरवट, तीन जाड पाकळ्या, त्याही पुरत्या उघडत नाहीत. त्या फटीतून मधमाशी जात नाही, वासावर आलेला बारीक भुंगेरा, म्हणजे टणक पंखांचा किडा, जातो. फूल आधी मादी असतं, पराग नंतर सोडतं, त्यामुळं त्याचा त्यालाच पराग वेळेवर मिळत नाही. म्हणून काही बागायतदार ब्रशनं पराग लावतात. त्या माणसालाही परागवाहकच म्हणायचं ना?

सुमनोरज: डार्विननं १८६२ साली मादागास्करच्या ऑर्किडची फूटभर लांब नळी पाहून तेवढ्याच सोंडेचा पतंग असणार म्हणून सांगितलं. तसा पतंग १९०३ मध्ये शास्त्रात नोंदला गेला. फुलाची नळी आणि पतंगाची सोंड एकमेकांमुळे वाढत गेली. म्हणून मास्तरीणबाईंचं 'वाहक तोकडा' मला पटतं. 'परागदूत' कसा वाटतो?

बालाघाटकर: दूत कुणीतरी धाडावा लागतो. पुन्हा फूलच ठरवतंय असं झालं.

गोदाकाठ: मजकूर उद्या द्यायचाय. 'परागवाहक' ठेवून पुढं 'मधमाश्या, भुंगे, पाखरं, वटवाघळं' असं लिहिते.

बालाघाटकर: पतंग राहिले. आणि भुंगा वेगळा, भुंगेरा वेगळा. सीताफळवाल्यांना भुंगेराच लिहा, नाहीतर ते त्याच्यावरच फवारणी करतील.