इंजिन मधे की मागे? ट्रॅकवरचा अनुभव आणि थोडी काडी

दादरचा दांडपट्टा

गेले दोन रविवार शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आतेभावाशी एकाच गोष्टीवरून वाजतंय. घरी कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे मांडतोय.

आतेभाऊ ज्यांच्याकडे नोकरीला आहे, त्या शेठजींकडे दोन पोर्शे आहेत. एक ९९१ पिढीची ९११, दुसरी ९८१ केमन. फेब्रुवारीत दोन्ही ट्रेलरवर चढवून चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेल्या, आणि सोबत 'सामान उचलायला' म्हणून मलाही नेलं. शेठजींची कृपा, दुपारी मलाही दोन्ही चालवायला मिळाल्या. सकाळभर आतेभाऊच ९११ पिदडत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केमनचं इंजिन तुमच्या पाठीमागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे असतं. ९११ चं मागच्या ॲक्सलच्याही मागे, अक्षरशः लटकलेलं. सगळी पुस्तकं सांगतात की पहिलं बरोबर आणि दुसरं चूक. आतेभाऊही तेच म्हणतो.

माझं म्हणणं उलट आहे. ट्रॅकवर मला ९११ उजवी वाटली.

केमनमध्ये बसलो तर दुसऱ्याच लॅपला वाटलं, आपण जन्मजात रेसर. स्टिअरिंग वळवायचं, डोळा जातो तिथे नाक जातं. ९११ ने पहिले तीन लॅप अपमान केला. मंद वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच निघालं, जणू मी कुठल्या दुसऱ्याच गाडीचं स्टिअरिंग धरलंय. शेजारी बसलेले प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "ब्रेक एकदम सोडू नका. वळता वळता सोडा." चौथ्या लॅपला तसं केलं. पाय पेडलवर जेमतेम टेकलेला, आणि नाक आत आलं. मग रेस दिली, तर मागची चाकं रस्त्याला अशी चिकटली की केमनमध्ये जिथे मी अजून वाट बघत असतो, तिथे इथे पेडल तळाला लागलं होतं.

म्हणजे वळणात शिरताना द्यायचे आणि निघताना व्याजासकट वसूल करायचे. मला हा सौदा आवडला. आता घाला शिव्या.

मुलुंडकर मेकॅनिकल

शिव्या नाही, पण थोडं शास्त्र.

कावड घेऊन कधी गिरकी घेतली आहे का? दोन टोकांना दोन घागरी असल्या की वळायला सुरुवात करणं जड आणि वळणं थांबवणंही तितकंच जड. त्याच घागरी छातीशी धरल्या की पटकन वळता येतं. वजन तेवढंच, फक्त मध्यापासूनचं अंतर बदललं. मिड-इंजिनचा फायदा हाच आहे. बाकी सगळं त्यातून येतं.

९११ मध्ये घागर एकाच टोकाला, तीही मागच्या. शेपूट एकदा निघालं की ते हातोड्याच्या डोक्यासारखं पुढे यायला बघतं. वळणात घाबरून रेस सोडली की मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि गाडी गर्रकन फिरते. १९७५ च्या ९११ टर्बोला 'विधवा करणारी' म्हणायचे ते उगाच नाही. टर्बोला जाग उशिरा यायची, आणि यायची ती नेमकी वळणाच्या मधोमध.

तुम्हाला जी ९११ गुणी वाटली, ती ६० वर्षांच्या डागडुजीचं फळ आहे. १९६९ च्या मॉडेलला कंपनीने मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन होतं तिथेच राहिलं. त्याच साली पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या बसवल्या, नाकावर वजन यावं म्हणून. सुरुवातीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,२११ मिमी, तुम्ही चालवलेल्या ९९१ चा २,४५०. जागा चुकलेलं इंजिन सांभाळायला गाडीच वीतभर लांब केली की हो!

गिरगावकरीण

मुलुंडकर, कावड झकास. पण कावड घेऊन तुम्ही ब्रेक मारत नाही ना!

थोडी आकडेमोड. ९११ चं वजन उभ्या गाडीत साधारण पुढे ३९ टक्के, मागे ६१. केमनचं ४५–५५ च्या आसपास. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंमीवर धरा. १ जी ने (म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने) ब्रेक मारला की जवळपास १९ टक्के भार पुढे सरकतो. ९११ होते ५८–४२, केमन ६४–३६. म्हणजे ब्रेक मारताना चार टायरमध्ये काम जास्त समान वाटलं जातं ते ९११ मध्ये. टायरवर भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून समान वाटणी कामाची. बाहेर पडताना उलट. अर्ध्या जी ने वेग घेतला की ९११ च्या मागच्या चाकांवर ७० टक्के भार, केमनच्या ६४. दांडपट्टांच्या पायाला जे कळलं ते हेच.

ट्रेल ब्रेकिंगने (वळता वळता ब्रेक सोडण्याने) नाक आत येतं त्याचंही कारण हेच. पुढच्या टायरवर भार आहे तोवर वळवून घ्या, नंतर मिळणार नाही.

मी वडाळ्याला गो-कार्ट चालवायचे (हसू नका). तिथे इंजिन सीटच्या बाजूला, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे. तरी शिकवणारे पहिल्या दिवशी सांगायचे: गाडी कुठे जड आहे ते नंतर, आत्ता तुमचा पाय काय करतोय ते बघ.

काडीलाव्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता राहवत नाही.

मागचं इंजिन एवढं भारी असतं तर जगातल्या सगळ्या फॉर्म्युला वन गाड्यांत इंजिन मधे का? १९५८ ला अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने छोट्या कूपरमध्ये, इंजिन पाठीमागे पण ॲक्सलच्या पुढे ठेवून, पुढे इंजिनवाल्या फेरारींना हरवलं. १९५९ ला जॅक ब्रॅबहॅम कूपरमध्येच विश्वविजेता. १९६० ला मॉन्झात, विश्वविजेतेपदाच्या शर्यतींतली पुढच्या इंजिनची शेवटची जीत, आणि दुकान बंद. अमेरिकनांनी पण २०१९ ला कॉर्व्हेटचं इंजिन उचलून मधे नेलं. ९११ चे पुजारी तेवढे राहिले.

आणि खुद्द पोर्शेने काय केलं? २०१७ च्या ९११ आरएसआर रेस कारमध्ये इंजिन ॲक्सलच्या पुढे आणलं. १९९८ ला ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली ९११ जीटी१, तीही मिड-इंजिनच. देवळाचा पुजारीच बाहेरून जेवून येतोय, आणि भक्तांना उपास.

दादरचा दांडपट्टा

पुजाऱ्याचं वाक्य आतेभावाला पाठवलंय, तो खूश.

पण आरएसआरचं इंजिन पुढे का नेलं ते पण सांगा. मागे डिफ्यूझरला जागा हवी होती. गाडीखालची हवा वर उचलत नेणारा तो भाग इंजिनच्या खाली मावत नव्हता. म्हणजे प्रश्न हवेचा होता. वळण्याचं कारण त्यात दुय्यम असावं, असा माझा अंदाज.

आणि ९११ चीच दुसरी रेस कार, जीटी३ आर, अजूनही मागेच इंजिन ठेवून पळते. न्यूरबर्गरिंगचे २४ तास २०१८ आणि २०२१ ला तिने जिंकले, स्पाचे २४ तास २०१९ आणि २०२० ला. समोर ऑडी आर८, लॅम्बोर्गिनी हुराकान, फेरारी, सगळ्या मिड-इंजिन.

काडीलाव्या

बीओपी, साहेब, बीओपी! बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स! त्या शर्यतींत आयोजक प्रत्येक गाडीचं वजन आणि ताकद कमीजास्त करून सगळ्यांना एका रांगेत आणतात. वर्गात सगळ्यांना ग्रेस मार्क दिल्यावर पहिला कोण आला ते विचारण्यात काय अर्थ?

पार्ल्याचा पिस्टन

ग्रेस मार्क नको? मग बिनग्रेसची परीक्षा घ्या. एकच कंपनी, एकच चार लिटर फ्लॅट-सिक्सचं (आडव्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं) कूळ, एकच ट्रॅक. न्यूरबर्गरिंगच्या पूर्ण २०.८३२ किमीवर ९९२ पिढीची ९११ जीटी३ ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत. केमन जीटी४ आरएस ७ मिनिटं ९.३ सेकंदांत. ताकद ५१० आणि ५०० पीएस (हॉर्सपॉवरच समजा), वजन दोघींचं १,४०० किलोंच्या जरा वर. नऊ सेकंदांचा फरक, आणि पुढे कोण? मागे इंजिनवाली.

माझ्याकडून विषय संपला.

मुलुंडकर मेकॅनिकल

पिस्टन, संपला नाही, उलट आत्ता रंगात आलाय.

जीटी३ ला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, जीटी४ आरएसला स्ट्रट, म्हणजे साधी मांडणी. जीटी३ ला मागे मल्टीलिंक, दुसरीला तिथेही स्ट्रट. जीटी३ ची मागची चाकंही वळतात, जीटी४ आरएसची नाहीत. टायर पुढे २५५ विरुद्ध २४५, मागे ३१५ विरुद्ध २९५. थोरल्या भावाला नवे बूट, धाकट्याला उतरलेले, आणि मग म्हणायचं थोरला जास्त पळतो. (धाकट्याला घरातूनच दाबून ठेवलंय असा माझा दाट संशय आहे. पुरावा नाही, पण मीही घरात धाकटाच आहे.)

डबल विशबोन दिलं पुढे, मागची चाकं वळवली ती नाक वळावं म्हणून. म्हणजे पैसा कुठे ओतला ते बघा: ज्या टोकाला ९११ नापास होते, नेमका तिथे. केमनला तो खर्च दिला असता तर घड्याळ काय म्हणालं असतं?

गिरगावकरीण

हा मुद्दा मान्य. पण त्यातून 'मागचं इंजिन वाईट' हे निघत नाही. 'मागच्या इंजिनला पुढचं टोक महागात पडतं' एवढंच निघतं.

दांडपट्टा, एक खरं सांगा. वेगवान, लांब वळणात काय वाटलं? मंद वळणाचं कौतुक ऐकलं.

दादरचा दांडपट्टा

पकडलंत.

वेगवान वळणात केमनमध्ये मी हात जरा सैल सोडून बसलो होतो. ९११ मध्ये जबडा आवळलेला. शेपूट सुटलं नाही, पण पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं सारखं वाटत होतं. एकदा मधेच रेस सोडावीशी वाटली आणि प्रशिक्षक त्याच क्षणी म्हणाले, "धरून ठेवा." धरली. गाडी निमूट गेली. नसती धरली तर काय झालं असतं, ते मुलुंडकरांनी वर लिहिलंच आहे.

तर लांब वळणात केमन, हे कबूल. मंद वळणातून सुटताना ९११, यावर ठाम.

काडीलाव्या

बरं, हे सगळं करणार कुठे? सी लिंकला ८० ची मर्यादा, ट्रॅक गाठायला मद्रास. मुंबईत राहून इंजिनच्या जागेवर भांडणं म्हणजे वाळवंटात होडीच्या शिडावर भांडणं.

रिक्षावाल्याचा पोरगा

मुंबईत मागे इंजिनच्या गाड्या लाखांनी आहेत हो. वांद्र्याच्या पुढे या. रिक्षावर 'आरई' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थच रिअर इंजिन. नॅनोचंही मागेच होतं, म्हणून तिचे पुढचे टायर १३५ चे आणि मागचे १५५ चे. लोकांना वाटायचं कंपनीने पुढे काटकसर केली.

तीन चाकं आहेत म्हणून हसाल, पण दांडपट्टांचे पहिले तीन लॅप वाचून मला बाबा आठवले. ते पंचवीस वर्षं जोगेश्वरीत रिक्षा चालवतायत. पहिल्या पावसात मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटांवरून रिकामी रिक्षा वळवताना हँडल वळतं, चाक वळतं, रिक्षा सरळ जाते. नाकावर वजनच नाही. बाबा काय करतात? वळणाआधी सीटच्या टोकाशी सरकून हँडलवर ओणवे होतात, ब्रेकवर पाय नुसता टेकवतात आणि वळून झाल्यावर उचलतात. त्यांना ट्रेल ब्रेकिंग म्हणून सांगितलं तर म्हणाले, "त्याला नाव कशाला पाहिजे?"

चढावर मात्र तीन सीट भरून रिक्षा अशी चढते की बाबा म्हणतात, मागे वजन पाहिजेच. पुढे आपल्या बाजूला चौथी सीट बसवणारेही आहेत, पैशासाठी बसवतात आणि ते बेकायदेशीरच आहे. पण ते सांगतात की चौथी सीट असली की हँडल 'बोलतं'.

मुलुंडकर मेकॅनिकल

पोरगा, दंडवत! पोर्शेने हेच केलंय. साठच्या दशकात ९११ च्या पुढच्या बंपरच्या दोन टोकांना आतून वजनं बसवायचे. चौथी सीटच ती.

त्यावरून आठवलं. दांडपट्टा, ९११ ची पेट्रोलची टाकी पुढे असते. तुम्ही बसलात तेव्हा काटा कुठे होता?

दादरचा दांडपट्टा

आत्ता आतेभावाला फोन केला. आधी 'आठवत नाही' म्हणाला. मग म्हणाला, सकाळभर ९११ त्यानेच पळवली होती, काटा पावाच्या खाली गेला होता. आणि दुपारी मी बसायच्या आधी केमनची टाकी फुल्ल करून घेतली होती, तिचीही टाकी पुढेच. लिटरला पाऊण किलो धरलं तरी माझ्या ९११ च्या नाकावर तीसेक किलो कमी होते.

'मुद्दाम केलंस का' विचारलं तर फोनवर नुसता हसतोय. येत्या रविवारी कट्ट्यावर चहा, वडापाव सगळं त्याच्याकडून. मुलुंडकर, तुम्हीही या, साक्षीदार लागेल.