लॉजवर जाऊन टर्की मारली म्हणजे शिकार केली का?

ओझार्कवासी

तात्या_ऑस्टिन यांच्या ‘वसंतातली टर्की’ या लेखावर प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी : टेक्सासच्या हिल कंट्रीतलं एक शिकारी लॉज, तीन दिवस, राहणं-खाणं-गाइड धरून दोन हजार डॉलर, शेवटच्या सकाळी एक दांडगा टॉम (टर्की या कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या रानपक्ष्याचा नर), फोटो. आणि शेवटी तात्यांचा उपदेश, की अमेरिकेतलं रान शिकाऱ्यांनीच टिकवलंय, आपल्याकडच्या पर्यावरणवाल्यांनी जरा शिकावं.

फोटो छान आलाय. बाकी सगळ्यावर आक्षेप आहे.

तुमच्याच लेखात कामं कोण करतंय बघा. पक्षी कुठल्या झाडावर रात्रीला बसले हे आदल्या संध्याकाळी गाइड बघून आला. पहाटे अंधारात तुम्हाला ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, नेऊन बसवलं त्याने, डिकॉय (खोटी टर्की) रोवला त्याने, बॉक्स कॉल, स्लेट कॉल, तोंडातला डायफ्रॅम, ही टर्कीचा आवाज काढायची सगळी साधनं त्यानेच वाजवली. ‘आता’ असं कानाशी बोलला तोही तोच. तुम्ही चाप ओढलात.

टर्कीत बंदूक चालवणं हे सगळ्यात सोपं. नर ओरडतो, पिसारा फुलवतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते, अशी त्यांची रीत. आपण मादीचा आवाज काढून त्यालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे सगळा मामला उलटा. म्हणून तो साठ-सत्तर यार्डांवर येतो आणि तिथेच ठाण मांडतो. तिथून त्याला चाळीसच्या आत आणायचं तर कधी बोलायचं आणि कधी मुकाट बसायचं हे कळावं लागतं. पहाटे माद्यांच्या गराड्यातला टॉम तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दहाच्या सुमारास माद्या घरट्यांकडे पांगल्या की तोच गडी तुमच्या एका हाकेला धावत सुटतो. मी मिझुरीच्या ओझार्क डोंगरांतल्या मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात कित्येक वसंत हात हलवत घरी आलोय. सरकारी जंगल, विकत घेतलेलं परमिट, सोबत गाइड वगैरे कोणी नाही. त्यातून जे थोडंफार कळलं त्याला मी शिकार म्हणतो. तुम्ही केलीत ती खरेदी. जरूर करा, पण पावतीला पदक समजू नका.

तात्या_ऑस्टिन

निकाल आधीच लावून ठेवलाय, मग चर्चा कसली?

माझा गुडघा बदललेला आहे. तुमच्या ओझार्कच्या चढांवर अंधारात धडपडून तुमच्याकडून प्रमाणपत्र घ्यायची हौस नाही. मिझुरीत सरकारी जंगल भरपूर असेल. टेक्सासात ९५ टक्के जमीन खाजगी आहे. हिल कंट्रीच्या एडवर्ड्स पठारावर रिओ ग्रान्दे जातीच्या टर्कीचे थवेच्या थवे आहेत, पण कुंपणापलीकडे. मालकाला पैसे न देता जायचं कुठून, हेलिकॉप्टरने?

आणि त्या पैशाचं काय होतं तेही ऐका. त्या पठारावर अंगोरा बोकडांच्या लोकरीवर पिढ्या जगल्या. मोहेरचं, म्हणजे त्या लोकरीचं, सरकारी अनुदान १९९५ ला संपलं आणि तो धंदा बसला. आता कुटुंबं रँच विकत नाहीत, प्लॉट पाडत नाहीत, त्याला कारण शिकारीचं भाडं. माझा गाइड रँचमालकाचाच मुलगा होता. प्लॉट पडले तर टर्की बसणार कुठे, स्विमिंग पूलच्या कडेला?

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर, आज लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. १९७३ ला नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झालं तेव्हा देशात टर्की होत्या तेरा-पंधरा लाख. आज साठ लाखांच्या आसपास. तुमच्या मुकाट बसण्याने वाढल्या का?

शेवग्याची_शेंग

एक बाळबोध प्रश्न. वसंत म्हणजे विणीचा हंगाम ना? ऐन विणीत पक्षी मारायचा, वर पैसे मोजायचे आणि त्याला संवर्धन म्हणायचं? मला तर वाचूनच गरगरलं.

ओझार्कवासी

@शेंग, वसंतात मुख्यतः नरच मारायचे असतात. टॉम अंडी उबवत नाही, पिल्लं सांभाळत नाही. मादी दहा-बारा अंडी घालते, अठ्ठावीस दिवस एकटी बसते. तेव्हा गरगरू नका.

@तात्या, रँचचा मुद्दा मान्य. बघा, मला मान्य करता येतं. पण टर्की वाढवल्या राज्यांच्या जीवशास्त्रज्ञांनी. १९५० नंतर रॉकेटने उडणाऱ्या जाळ्या टाकून रानटी पक्षी धरले, खोक्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडले. तुमचं टीएसएसचं (टंगस्टनच्या महागड्या छर्ऱ्यांचं) काडतूस दहा डॉलरचं धरलं तरी त्यावरचा कर पुरता डॉलरभरही होत नाही. आज त्या करातला मोठा वाटा कधीही शिकारीला न जाणाऱ्या बंदूकवाल्यांकडून येतो. आणि ‘वाढल्या’ म्हणून थांबू नका, पुढचंही सांगा : बऱ्याच राज्यांत त्या पुन्हा घटताहेत. टेनेसीने २०२३ ला हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि माणशी तीन टर्कींची मर्यादा दोनवर आणली. जोड्या जमायच्या आधीच दांडगे टॉम टिपले तर विणीवर परिणाम होतो का, यावर सध्या मोठा वाद चालू आहे. तुमच्या लॉजच्या माहितीपत्रकात हे नसणारच.

आणखी एक. लेखात ‘फीडरजवळचा (दाणे टाकायच्या यंत्राजवळचा) ब्लाइंड’ असे शब्द हळूच सरकवलेत. म्हणजे मका टाकून बोलावलेला पक्षी! मिझुरीत असं केलं तर दंड होतो.

तात्या_ऑस्टिन

टेक्सासात कायदेशीर आहे. विषय संपला.

ओझार्कवासी

कायदेशीर आहेच. म्हणून तर पावती म्हटलं.

कॅन्सस_काकू

दोघेही बापे आपापल्या बंदुकीची लांबी मोजताय. मी जरा व्यवहाराचं सांगते.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला पाठीत छर्रे लागले. का, तर तो झुडपात बसून मादीचा आवाज काढत होता आणि दुसऱ्या कुणाला वाटलं तिथे टर्की आहे. बारीक छर्रे होते, लांबून आले, म्हणून वाचला. तेव्हापासून नवशिक्याने एकट्याने जावं असं म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. टॉमचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, त्यामुळे त्या रंगांचा रुमालसुद्धा खिशात नको. हे किती जणांना माहीत आहे? परवा ओळखीतला एक मुलगा लाल टोपी घालून निघाला होता, हौसेने. गाइड असेल तर असला मूर्खपणा दारातच थांबतो. दोन हजार डॉलर जास्त आहेत, पण हॉस्पिटलचं बिल बघा एकदा.

ओझार्कवासी

काकू, म्हणून तर शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स असतो. मिझुरीत १ जानेवारी १९६७ पासून पुढे जन्मलेल्याला सक्तीचा आहे.

कॅन्सस_काकू

छर्रे मारणाऱ्याने केलेला होता रे तो कोर्स.

नुसताच_वाचक

अवांतराबद्दल माफी. एच-१बीवर असताना बंदूक हातात घेता येते का? लॉज म्हणतं, चालतं. ऑफिसातला एक जण म्हणतो, थेट हद्दपारी.

तात्या_ऑस्टिन

केंद्रीय कायद्याने व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, पण अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकारी लायसन्स असेल तर अपवाद आहे. लायसन्स आधी, बंदूक नंतर, हा क्रम चुकवू नका. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, ऑफिसातल्याला नको.

बखरीबाहेर

टर्की निघालीच आहे तर एक सांगून टाकतो. १६१२ साली मुकर्रबखान या दरबाऱ्याने गोव्याहून जहांगीरला जे नवलाचे प्राणी-पक्षी आणून दिले त्यात टर्की होती. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे पोर्तुगीजांच्या कृपेने आपला गोवा या धंद्यात लॉजवाल्यांच्या फार आधीपासून आहे. चालू द्या.

काटेपूर्णा

चालू देतोच, पण वेगळ्या दिशेला.

तात्यांच्या लेखातलं ‘आपल्याकडच्यांनी शिकावं’ हे वाक्य घशात अडकलंय. आवाज काढून पक्षी बोलावणं हे दोन हजार डॉलरचं कसब आहे ना? आमच्या अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांचं पोर दहाव्या वर्षी तितराला आवाज देऊन बोलावतं. शिकवलेल्या गायीच्या आडून चालत पक्ष्यांपर्यंत जायचं, फास मांडायचे, ना ब्लाइंड, ना डिकॉय, ना काडतूस. त्या जमातीला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो शिक्का कागदावर पुसला. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही संपले.

माझ्या वर्गात बेड्यावरचा (पारध्यांच्या वस्तीवरचा) एक मुलगा होता. त्याच्या काकाला चार तितरांसाठी उचललं. घरात खायला तितरंच होती. काका सुटून आला तेव्हा मुलाची शाळा सुटलेली होती. इकडे तुम्ही गाइडने बोलावलेला पक्षी मारून शेपटीचा पंखा भिंतीवर लावणार, वर आम्हाला शिकवणार?

तात्या_ऑस्टिन

आलं! विषय टर्की असो नाहीतर टोमॅटो, इथे जमात आणल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही. पारध्यांचे कायदे मी केले का?

काटेपूर्णा

नाही. उपदेश तुम्ही केलात.

शेवग्याची_शेंग

पण म्हणजे नक्की काय करायचं? पारध्यांना तितर मारू द्यायचे? माळरानं उरली आहेत कितीशी? तणमोर संपत आलाय, माळढोक जवळजवळ गेलाच. अन्याय झाला हे खरं, पण पक्ष्याला काय, मारणारा गरीब की श्रीमंत?

काटेपूर्णा

माळरान पारध्याने संपवलं का? त्यावर सोयाबीन कुणी पेरलं, प्लॉट कुणी पाडले? तुम्ही तणमोराचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, आमच्याकडे काही बेड्यांवर तणमोराची घरटी राखायचं काम पारधीच करतात. कारण घरटं सापडतं त्यांनाच. पदव्या घेतलेले येतात आणि त्यांनाच विचारतात.

ओझार्कवासी

धागा पळवला गेलाय, पण आता मलाही राहवत नाही.

काटेपूर्णांचा राग इथेही लागू पडतो. अमेरिकेत टर्की संपायला आल्या त्या जंगलतोडीने आणि बाजारात मांस विकण्यासाठी केलेल्या शिकारीने. उपाय म्हणून विक्री बंद झाली, हंगाम आले, मर्यादा आल्या. उपाय बरोबर होता. पण पोटासाठी मारणारा गुन्हेगार झाला आणि हौसेने मारणारा ‘स्पोर्ट्समन’. हेच आपल्याकडे साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या वेळी झालं. माग काढणारा गावचा शिकारी, रान उठवणारे हाकेकरी, आणि वाघावर पाय ठेवून फोटो साहेबाचा. तात्या, तुमच्या फोटोत गाइड कुठे आहे?

तात्या_ऑस्टिन

फोटो गाइडने काढला.

कॅन्सस_काकू

😂😂

ओझार्कवासी

काकू, हसू नका, पुढचं महत्त्वाचं आहे. साउथ डकोटात रोझबड सू या मूळ अमेरिकी जमातीच्या जमिनीवर टर्की मारायची तर परमिट जमातीचंच घ्यावं लागतं. मेरियम जातीच्या टर्कीसाठी लांबून लोक जातात, पैसा जमातीकडे जातो. दोन हजार द्यायचेच असतील तर असेही देता येतात.

काटेपूर्णा

हे माहीत नव्हतं. मग तात्या, हे ‘शिकावं’मध्ये का नव्हतं? आपल्याकडे पक्षीनिरीक्षणाला रिसॉर्टवाला माणशी हजारो रुपये घेतो. पारध्याला त्यात गाइड म्हणून रीतसर पगार द्या, कॅमेरेवाल्यांना तोच आवाज काढून तितर दाखवेल. मारायची गरजच नाही.

शेवग्याची_शेंग

हे चालेल मला. फक्त विणीत आवाज काढून पक्षी बोलावणं पक्षीनिरीक्षणातही वाईटच, हे नोंदवून ठेवते.

काटेपूर्णा

नोंदवा. नोंदी ठेवायला आमच्याकडे माणसं कधीच कमी पडली नाहीत.

तात्या_ऑस्टिन

सगळ्यांचं झालं असेल तर माझं शेवटचं.

तो उपदेशाचा परिच्छेद काढून टाकतो, तसाही संपादकांनी दोनदा खुणावलं होतं. बाकी लेख तसाच राहील. मला त्या पहाटे झाडावरून पहिला गॉबल (टॉमचा आवाज) ऐकू आला तेव्हा जे वाटलं ते पावतीवर छापून येत नाही, आणि त्यासाठी ओझार्कवासींची परवानगीही लागत नाही. ज्यांना सुपरमार्केटची टर्की जास्त नैतिक वाटते त्यांनी त्या पक्ष्याची छाती बघावी. इतकी फुगवलीय की बिचाऱ्याला जोडाही जमत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं.

शेवग्याची_शेंग

मी तीही खात नाही हो.

तात्या_ऑस्टिन

तुम्हाला नव्हतं म्हटलं. ओझार्कवासी, पुढच्या एप्रिलात या हिल कंट्रीत. त्याच रँचवर, गाइड नको, कॉल तुम्ही वाजवा. तुमचं मौन रिओ ग्रान्देंना कितपत कळतं ते बघू. ब्लाइंड मात्र मी सांगेन तिथेच. गुडघा माझा आहे.

ओझार्कवासी

फीडरपासून किती लांब?

तात्या_ऑस्टिन

दिसेल इतक्या.

ओझार्कवासी

मग नाही येत. तुम्हीच या मिझुरीत. काठी आणा, सपाटीवरची जागा शोधून ठेवतो.